डोहाळे विचारायचे थांबले तेव्हा

माझं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, कोळीवाड्यातलं, आणि कोळीवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नाचगाणी येतात, तसलं काही आणू नका. मी कळती झाले तेव्हा आमची होडी काठावर उलटी पडलेली होती आणि तिच्या पाठीवर आय वाळवण घालायची. कारखान्यांचं पाणी खाडीत सुटायला लागलेलं, बाबा जाळं घेऊन जायचे आणि पायाला काळा चिखल घेऊन परत यायचे, शेवटी त्यांनी जाळं माळ्यावर टाकलं आणि वागळे इस्टेटीत एका कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले, त्याच कारखान्यांपैकी एकाच्या, काय सांगू तुम्हाला. घर चालवलं ते आयनं. ओहोटीला चिखलात उतरायची, निवट्या पकडायची. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारी बोटभर मासळी, पाण्याबाहेरसुद्धा बराच वेळ जिवंत राहते, टोपलीवर ओलं फडकं बांधलं तरी आतून धडका देत असते. ती टोपली डोक्यावर घेऊन आय नौपाड्यात दारोदार हिंडायची. कधी कधी चूल पेटायची ती फक्त न खपलेल्या निवट्यांसाठी, भाताशिवाय.

पण एक सांगते, त्या घरात मुलगी झाली म्हणून कुणी तोंड पाडलं नाही. आमच्यात बाजार बायकांचा. मासे आणायचे पुरुषांनी, विकायचे बायकांनी, कमरेची पिशवी बाईच्या कमरेला. माझ्या जन्माला आजी म्हणाली होती म्हणे, चला, टोपलीला डोकं मिळालं. ते डोकं मी टोपलीला काही दिलं नाही. मी शिकले. आमच्या आळीतली पहिली बी.ए. मीच, नंतर बी.एड. केलं, हे मी अभिमानानं सांगते, लाजत नाही, लाजायचं कारण काय? आय नौपाड्यात प्रत्येक दारात सांगायची, माजी हेमी मास्तरीन होनार, आन् तुमी चार आन्यांसाठी घासाघीस करता?

कॉलेजातच हे भेटले. यांचं घर डोंबिवलीत, मूळ साताऱ्याकडचं. लग्नाला विरोध झाला, मग झालं लग्न. तिसऱ्या मजल्यावरची जागा, तिथे सासूबाई, मोठे दीर, त्यांची बायको सुमनताई, त्यांची मुलगी आणि आम्ही दोघं. मला तिथेच डोंबिवलीत शाळेत नोकरी लागली. सासूबाई मटण खायच्या, पण मासळीचा वास म्हटलं की पदर नाकाला. आय भेटायला आली की टोपली खाली जिन्याखाली ठेवायची, नळावर हातपाय खसाखसा धुवायची आणि मग वर यायची. कुणी तिला तसं सांगितलेलं नव्हतं. पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंनी खिडक्या उघडल्या, तेवढं तिला पुरलं. मला फार लागायचं ते. पण आय म्हणायची, तुजा संसार तिकडं, माजी टोपली खाली, काय बिघडत नाय.

मला पहिली मुलगी झाली, पल्लवी. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतीप्रमाणं. सासूबाई बघायला आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, असू दे, पहिली बेटी, तूपरोटी. मला तो आशीर्वादच वाटला. पहिली या शब्दावर त्या किती जोर देतात हे तेव्हा ऐकू नाही आलं. सुमनताईंची एक मुलगी होती, नंतर त्यांना दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पडलं, असं मला सांगितलेलं. अंगात धरत नाही तिच्या, असं सासूबाई म्हणायच्या, आणि सुमनताई त्या वेळी हमखास नळ जोरात सोडायच्या.

पल्लवी चार वर्षांची झाली आणि मला पुन्हा दिवस गेले. ही कायदा यायच्या आधीची गोष्ट. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण सासूबाई एकदम बदलल्या. रोज सकाळी, मी शाळेत जायच्या आधी, चहाचा कप पुढे ठेवून विचारायच्या, हेमे, काय खावंसं वाटतंय गं? तोंडाला चव हाय का? डोहाळे मारू न्हाईत बाई, मूल लाळ गाळतं. चिंचा म्हटलं की चिंचा यायच्या, मिरचीचा ठेचा म्हटलं की पाट्यावर वाटलेला ठेचा. एकदा मी गमतीनं म्हटलं, आई, निवट्या खाव्याशा वाटतात, तर त्या हसल्या, म्हणाल्या, तेवढं सोडून माग. मला वाटलं, बाई मायाळू आहे, मीच उगाच परकेपणा धरला. फक्त एवढंच सांगितलेलं की इमारतीत कुणाला बोलू नकोस इतक्यात, दृष्ट लागती. मी साडी सैल नेसायची आणि गप्प राहायची.

मग एक दिवस तपासणीचा विषय निघाला. आमच्या वन्सं कल्याणला असायच्या, त्यांचा बाळू जन्मापासून अंथरुणाला होता, मान धरायची नाही, बोलणं नाही. सासूबाई म्हणाल्या, घरात एक हाय तसलं, आपण आधी बघून घेऊ. आता यात वाईट काय? मलाच पटलं. मी शिकलेली, विज्ञानाला घाबरणारी नव्हते. पोटातलं पाणी काढून बाळाचा दोष कळतो हे मी वाचलेलं होतं, मीच यांना म्हटलं, चला, जाऊ या. वन्संना सांगायला गेले तर त्या बाळूचं तोंड पुसत होत्या. म्हणाल्या, मला कुणी आधी बघून दिलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे, पण तू बघ बाई, बघायला काय जातंय.

दवाखाना कल्याणचा. बाहेर पाटीवर मोठ्या अक्षरांत गर्भजल परीक्षा असं रंगवलेलं, तेव्हा लपवाछपवी नव्हतीच. आत बाकड्यावर बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या शेजारी एक सासू नाहीतर आई, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बायका इतक्या वेळ गप्प बसलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. एक छोटी मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून गाणं म्हणत होती, तिच्या आजीनं तिला चापट मारली. डॉक्टर सभ्य, गोड बोलणारे. म्हणाले, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय समजवायचं. पहिलं काय आहे? मी म्हटलं, मुलगी. ते म्हणाले, बरं. मी बाळूचं सांगायला लागले, त्याला काय होतं, कधीपासून होतं, तर ते हात धुवायला उठले. बाळूबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं असं आता वाटतं, पण टेबलावर झोपल्यावर माणूस असा विचार करत नाही. सुई लांब होती. बघू नका म्हणाले, मी बघितली.

मग वाट बघणं. शाळेत तेव्हा हाच विषय, कारण स्टेशनबाहेर काही कॉलेजच्या मुली डफ वाजवून या परीक्षेविरुद्ध पथनाट्य करत होत्या आणि येता-जाता सगळे बघत होते. हे म्हणाले, रिकामटेकड्या आहेत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत गणिताचे एक सर होते, ते म्हणाले, असू द्या हो, मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, हुंडा आपोआप बंद, बाजाराचा नियमच आहे. त्यावर प्रधान बाई, त्या नौपाड्यातून यायच्या, आयचं जुनं गिऱ्हाईक, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, सर, कमी असलेल्या वस्तूची किंमत वाढते, की चोरी वाढते? सर हसले, सगळे हसले. मीही हसले. मला वाटत होतं, हा वाद दुसऱ्या बायकांचा आहे, मी तर दोष बघायला गेलेले.

निकाल आणायला हे एकटेच गेले. आले, चप्पल काढली, आईबरोबर स्वयंपाकघरात गेले. मी पल्लवीची वेणी घालत होते. बाहेर येऊन म्हणाले, सगळं ठीक आहे, झोप तू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चहाचा कप ठेवला आणि वळल्या.

मी थांबले. म्हटलं, आता विचारतील. नाही विचारलं. त्याच्या पुढच्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, आई, आज आंबट वरण करू या का, तर म्हणाल्या, घरात असंल त्ये खायचं. रागानं नाही हो, अगदी साधं बोलल्या. दुपारी शाळेतून आले तर चिंचेची बरणी फळीवरून वर माळ्यावर गेलेली. पल्लवीची लहानपणची झबली मी धुऊन ठेवलेली, ती पेटीत परत गेलेली, पेटीला कुलूप. माझ्या पोटात बाळ फिरायला लागलेलं, आणि घर असं वागत होतं की पोटात कुणी नाहीच. भांडण असतं तर भांडले असते. हे भांडण नव्हतं. मला त्या चहाच्या कपाची भीती वाटायला लागली.

सगळं ठीक आहे म्हणालेल्या यांनीच मग सांगितलं, दोष आहे. गुरुवारी जायचं, मोकळं व्हायचं. मी विचारलं, कसला दोष? म्हणाले, आहे काहीतरी, डॉक्टरांची भाषा आहे ती. मी म्हटलं, मला सांगा, मी बी.ए. आहे. तर म्हणाले, मराठीत बी.ए. आहेस. मी म्हटलं, मग मराठीत सांगा.

सुमनताई माझ्याशी तेव्हा नजर मिळवत नव्हत्या. एका संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर कपडे काढत होतो, चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या हातात, घडी करायला जवळ आलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, विचारायचं बंद झालं ना? मी म्हटलं, काय? म्हणाल्या, डोहाळे. मलाही असंच. दोन्ही वेळा. मलाही दोषच सांगितला होता, हेमा. दोष म्हणजे मुलगी. आणि चादर माझ्या हातात ठेवून खाली गेल्या. तिच्या अंगात धरत नाही, असं म्हणणाऱ्या सासूबाईंपुढे एवढी वर्षं नुसता नळ सोडून उभ्या राहिलेल्या त्या.

आता तुम्ही म्हणाल, सरळ नाही म्हणायचं ना. म्हटलं मी. पण मनात एक किडा होता. सुमनताईंचं खरं, पण खरोखरच दोष असला तर? बाळू डोळ्यांपुढे यायचा. डॉक्टरांना विचारायला मी एकटी कल्याणला गेले तर म्हणाले, मिस्टरांना सगळं सांगितलंय, शंका काढू नका. खोटं बोलणाऱ्या माणसांनी हेच तर केलेलं, एक खरी भीती हातात धरून मला घाबरवलेलं, आणि त्या भीतीला मी उलटं काही म्हणू शकत नव्हते.

मी प्रधान बाईंना फक्त एवढंच म्हटलं, बाई, आय तुमच्याकडे आली की सांगा, हेमीला निवट्या खाव्याशा वाटतात. प्रधान बाई म्हणाल्या, पुन्हा? अभिनंदन! त्यांना दुसरं काही कळलं नाही, आणि मला दुसरं काही सांगायचंही नव्हतं. आयला कळणार होतं. आमच्यात दुसऱ्या खेपेचे डोहाळे सासरनं पुरवायचे, दुसऱ्या खेपेला लेकीनं माहेरी खायला मागितलं तर त्याचा अर्थ एकच, सासरी विचारणारं कुणी उरलं नाही.

बुधवारी दुपारी मी सकाळची शाळा करून आलेले, तेवढ्यात जिन्यात तिच्या बांगड्या वाजल्या. दार मीच उघडलं. आय उभी, पायाला चिखल वाळलेला, हात धुतलेले नाहीत, आणि टोपली डोक्यावर. पहिल्यांदा टोपली तिसऱ्या मजल्यावर आलेली. सासूबाई आतून म्हणाल्या, अहो विहीणबाई, टोपली खाली ठेवायची ना. आय म्हणाली, ऱ्हाऊ दे, आज तीपन भेटायला आली. तिनं टोपली उंबऱ्यात उतरवली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पोटावर नजर थांबली, आणि विचारलं, काय गो, तुला काय खावाचं वाटतंय?

मला रडू फुटलं. एवढ्या साध्या प्रश्नाला रडतात का? पण मी दाराला धरून लहान मुलासारखी रडले.

आय वाकली आणि टोपलीवरचं फडकं ओढून काढलं. आणि मग काय सांगू तुम्हाला, निवट्याच त्या, उडाल्या सगळ्या! उंबऱ्यावरून जिन्यात, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, टप टप टप, खालच्या मजल्यावरच्या मुलांनी किंचाळायला सुरुवात केली, पल्लवी टाळ्या पिटायला लागली, दारं फटाफट उघडली, बायका बाहेर, अगंबाई, साप आहे का, अहो बेडूक आहेत, पकडा पकडा. आणि आयनं आवाज लावला, तिचा तो नौपाड्याच्या गल्लीत घुमणारा आवाज, काय नाय गो बायांनो, घाबरू नका, माजे हेमीला डोहाले लागलेत! पाचवा चाललाय तिचा! तिला निवट्या खावाच्या हायेत! पकडा रे पोरांनो, वाट्यात टाका!

झालं. जे दृष्ट लागेल म्हणून झाकून ठेवलेलं ते तिन्ही मजल्यांना कळलं. समोरच्या जोशीकाकू म्हणाल्या, हेमाताई, पाचवा आणि आम्हाला पत्ता नाही? खालच्या शहाभाभी वर आल्या, त्या शाकाहारी, पण निवटी पदरात धरून आलेल्या, म्हणाल्या, आंटी, ये भाग रही थी. कुणीतरी सासूबाईंना म्हणालं, आजी, तुम्ही पक्क्या आहात हं, पेढे केव्हा? सासूबाई पदर नाकाला लावून उभ्या होत्या. वासामुळे की कशामुळे, त्यांनाच ठाऊक.

आयनं आमच्याच स्वयंपाकघरात कालवण केलं, चिंच माळ्यावरून सुमनताईंनी काढून दिली, कुणाला न विचारता. निघताना आय सासूबाईंपुढे हात जोडून म्हणाली, विहीणबाई, उद्यापासून मी येते रोज. डोहाले मी विचारीन. तुमी दमलाव.

गुरुवारी सकाळी हे बूट घालून तयार. मला म्हणाले, चल. मी खुर्चीवर बसून राहिले. म्हणाले, हेमा, डॉक्टर वाट बघतायत. तेवढ्यात बेल वाजली. जोशीकाकू, हातात डबा, म्हणाल्या, अळूवड्या आहेत, पोटुशीला गरम गरम द्या, बाहेर निघालात का? कुठे? डबा सासूबाईंना हातात घ्यावा लागला, हसावं लागलं. काकू गेल्या आणि मागोमाग शहाभाभींचा ढोकळा आला. यांनी खाली बसून बुटाची नाडी सोडली. मला समजावलं नाही, माफीही मागितली नाही. नुसती नाडी सोडली.

पुढचे महिने मी सुखात काढले असं समजू नका. रोज कुणी ना कुणी विचारायचं, आज काय खाणार, आणि मी खायचे, आणि प्रत्येक घासाला मनात यायचं, डॉक्टर खरं बोलला असला तर? घरात कुणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं, आणि ज्यांना खरं माहीत होतं ते सांगत नव्हते. बाळ लाथ मारायचं तेव्हा मी मोजमाप करायची, जोरात मारली का, दोन्ही पायांनी मारली का. बाळंतपणाला आय मला ठाण्याला घेऊन गेली. मुलगी झाली. सुईणीच्या हातातून मी तिला ओढूनच घेतलं, मान बघितली, पाय बघितले, कानाजवळ चुटकी वाजवली. ती माझ्याकडे रागानं बघत रडली. सासूबाई बारशाला आल्या, दुपटं बाजूला करून निरखून बघितलं, आणि म्हणाल्या, ठणठणीत हाय की. तक्रार करावी तशा म्हणाल्या. ते ऐकून माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून कधी कधी येतो.

नंतर या परीक्षेविरुद्ध कायदा आला, आधी महाराष्ट्राचा, मग देशाचा. कल्याणच्या त्या पाटीवरची अक्षरं रंगवून बुजवलीत, पण उन्हात बघितलं तर रंगाखालून दिसतात. आता आत सोनोग्राफीचं मशीन आहे, सुई लागत नाही. मी त्या तपासणीला वाईट म्हणत नाही. वन्संसारख्या बाईला तिचा उपयोग आहे, काय करायचं ते त्या बाईनं ठरवावं. माझं म्हणणं एवढंच, बघायला जाताना काय बघताय ते खरं सांगा. गेल्या जूनला पहिलीच्या मुलांना प्रार्थनेला उभं केलं तर मुलींची रांग मुलांच्या रांगेआधी संपली, आणि गणिताच्या सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर नवीन सून आहे, तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, परवा तिला रिक्षात बसवून कुठेतरी नेलं. तेव्हापासून मी रोज शाळेतून येताना तिच्या दारावर टकटक करते आणि विचारते, काय खावंसं वाटतंय गं? तिची सासू दार अर्धंच उघडते. मी विचारायची थांबत नाही.

आय थकली आता, टोपली सोडली. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना ऐकू कमी येतं, औषध मीच देते. त्यांचे पाय चेपते ती मानसी. जिन्यात निवट्या उडाल्या त्या दिवशी पोटात होती ती. सुमनताईंनी तिला लहानपणी न्हाऊमाखू घातलं, अजूनही तिची वेणी त्याच घालतात. माझी नोकरी कायम झाली, मुख्याध्यापिका होईन असं म्हणतात, ते होईल तेव्हा होईल. मला दोन मुली आहेत. धाकटी सातवीत आहे. तिला कसलाही दोष नाही.